परराज्यात घेतलेली मोटार आणि तिचे कागद



उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर जमा झाले की घरोघरी बेत सुरू होतात. कुणी ठिबकचे काम काढतो, कुणी मुलीचे लग्न ठरवतो, कुणाच्या घरात मोटारीचा विषय निघतो. मुले पुण्यात शिकायला, नोकरीला. म्हातारी माणसे दवाखान्यासाठी महिन्यातून दोनदा पुण्याला. तेव्हा मोटार ही आता निव्वळ चैन राहिलेली नाही. अशा वेळी एखादा पाहुणा हमखास सांगतो, "अहो, इथं कशाला घेता? कर्नाटकात घ्या, दिल्लीला घ्या. लाख-दीड लाख सहज वाचतील."

हे लाख-दीड लाख खरोखर वाचतात का, आणि तशी मोटार कायद्याने घरी कशी आणायची, याची विचारणा आमच्याकडे सभासदांकडून वरचेवर होते. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

आधी पैशाचा हिशोब करू. १ जुलै २०१७ पासून देशभर जी.एस.टी. सुरू झाला, आणि मोटारीवर तो सगळ्या राज्यांत एकाच दराने लागतो. फरक पडतो तो मुख्यतः रोड टॅक्समध्ये, कारण तो कर राज्याचा आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला किमतीच्या मानाने ११ ते १३ टक्के आणि डिझेल मोटारीला १३ ते १५ टक्के एकरकमी टॅक्स आहे. म्हणजे दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला एक लाख दहा हजार, तर तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला एक लाख तीस हजार. काही राज्यांत हा टॅक्स कमी आहे. पाहुणा सांगतो ती बचत हीच.

पण मोटार जर महाराष्ट्रात राहणार आणि इथेच फिरणार असेल, तर टॅक्सही इथलाच भरावा लागतो. जुनी गाडी असेल तर तिच्या वयाप्रमाणे टक्केवारी उतरते, एवढेच. थोडक्यात, टॅक्स चुकवण्यासाठी म्हणून परराज्यात जाण्यात अर्थ नाही. जुनी गाडी तिकडे खरोखर स्वस्त आणि चांगली मिळत असेल, किंवा मुलाची तिकडची गाडी इकडे आणायची असेल, तर गोष्ट वेगळी. पूर्वी परराज्यातून आणलेल्या मोटारीवर १९८७ च्या कायद्याने प्रवेश करही द्यावा लागे. तो जी.एस.टी. आल्यावर गेला.

आता कागदांविषयी. आर.सी. बुक म्हणजे मोटारीचा सातबारा समजा. जमिनीचे खरेदीखत झाले, पैसे दिले, पण फेरफार नोंदवला नाही, तर सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचेच राहते. मोटारीचेही तसेच. पैसे दिले, किल्ली घेतली, गाडी दारात उभी केली, तरी आर.सी.वर आपले नाव चढेपर्यंत सरकारदप्तरी मालक दुसराच. आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात जसा सोसायटीचा बोजा दिसतो, तसा आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा दिसतो. तो उतरल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

एवढी ताकीद कशासाठी, असे कुणी विचारील. तीन घडलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली पुणे शहरातली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भारी परदेशी मोटारीच्या धडकेत दुचाकीवरच्या एका तरुणाचा आणि एका तरुणीचा जीव गेला. ती गाडी बंगळूरच्या विक्रेत्याकडून टेम्पररी नंबरावर पुण्यात आली होती. पुण्याच्या आर.टी.ओ.त तिची तपासणीही झाली होती. गाडी विजेवरची, त्यामुळे रोड टॅक्स माफ. राहिली होती फक्त १,७५८ रुपयांची फी. ती न भरल्याने पक्का नंबर मिळालेला नव्हता, आणि तरी गाडी रस्त्यावर फिरत होती. टेम्पररी नंबराची मुदत अजून संपलेली नव्हती. पण असा नंबर गाडी आर.टी.ओ.पर्यंत नेण्या-आणण्यापुरता असतो, हे परिवहन खात्याने त्यावेळी स्पष्ट केले. अपघाताचा निवाडा न्यायालयाचे काम. आपण ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की कोट्यवधींच्या गाडीचे कागद पावणेदोन हजार रुपयांवाचून अडले होते.

दुसरी गोष्ट राजस्थानातली. तेथील एका गृहस्थाने पंजाबात नवी बोलेरो घेतली. विमा उतरवला. टेम्पररी नंबराची मुदत १९ जुलै २०११ रोजी संपली आणि पक्के पासिंग करायचे राहून गेले. २८ जुलैच्या रात्री जोधपूरला मुक्कामी असताना गाडी चोरीला गेली. मुदत संपून अवघे नऊ दिवस झाले होते. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या कराराचाच भंग आहे, सबब भरपाई मिळणार नाही. दहा वर्षे कोर्टात गेली, आणि सहा लाखांवरची रक्कम हातची गेली.

तिसरी गोष्ट विकणाऱ्यांसाठी. एक मोटार हातोहात तीन-चार जणांना विकली गेली, पण आर.सी.वर नाव पहिल्याच मालकाचे राहिले. २००९ साली त्या गाडीखाली एकाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच ज्याचे नाव नोंदणीत आहे, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झालेल्या माणसावर हा प्रसंग आला. आपली जुनी गाडी पुण्याच्या किंवा परराज्यातल्या व्यापाऱ्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणाऱ्या सभासदांनी हे नीट वाचावे.

आता रीत काय ते पाहू. यात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, परराज्यातून कोरी गाडी घेणे. विक्रेता तिथे टेम्पररी नंबर काढून देतो. गाडी घेतानाच बिल, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा कंपनीचा दाखला म्हणजे फॉर्म २२, विमा आणि टेम्पररी नोंदणीचा कागद मोजून घ्यावेत. गाडी सरळ घरी आणावी, आणि फॉर्म २० भरून आपल्या आर.टी.ओ.कडे तपासणीला न्यावी. टॅक्स आणि फी भरून पक्का नंबर पडेपर्यंत देवदर्शन, लग्नाची वरात, सगळे बाजूला ठेवावे. टेम्पररीची मुदत कागदावर लिहिलेली असते; ती शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये.

दुसरा प्रकार, परराज्यातली जुनी गाडी घेणे. इथे मुख्य कागद म्हणजे एन.ओ.सी., ना हरकत दाखला. तो जिथे गाडीची नोंद आहे त्याच आर.टी.ओ.कडून मिळतो, फॉर्म २८ वर. टॅक्स बाकी नाही, दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत, गाडी चोरीची नाही, हे पाहूनच तो देतात. कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. अर्ज नीट असेल तर तीस दिवसांत होकार किंवा कारण देऊन नकार द्यावा, असे कायदा सांगतो. एन.ओ.सी.वर पुढच्या कार्यालयाचे नाव असते. ते पुणे घालायचे, पिंपरी-चिंचवड की बारामती, हे आधीच ठरवावे. पुढे ते बदलायचे तर पुन्हा हेलपाटा.

एन.ओ.सी. हातात पडल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. "गाडी घेऊन जा, कागद मागाहून पोस्टाने पाठवतो" असे कुणी म्हटले, तर गाडी तिथेच ठेवून परतीची एस.टी. धरावी.

मग पुण्यात संगम पुलाजवळच्या आर.टी.ओ.त (किंवा एन.ओ.सी.वर लिहिलेल्या कार्यालयात) नवीन नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, सोबत मूळ आर.सी., एन.ओ.सी., विमा, पी.यू.सी. आणि पत्त्याचा पुरावा. अर्ज परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर भरतात, पण गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिनचा नंबर पडताळतो. टॅक्स भरला की एम.एच. १२ चा नंबर मिळतो. मालकी बदलाची नोंद घेणाऱ्याने तीस दिवसांत करायची; विकणारा परराज्यातला असेल तर त्याला पंचेचाळीस दिवस आहेत. विम्यावरचे नाव चौदा दिवसांत बदलून घ्यावे. जुना विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आपोआप नव्या मालकाकडे येतो असे कायदा धरतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाले तर नाव बदलल्याशिवाय एक पैसा मिळत नाही.

तिसरा प्रकार, आपलीच गाडी आणणे. मुलगा बंगळूर-हैदराबादला होता, बदली होऊन पुण्यात आला, गाडी सोबत आणली. कुठल्याही राज्याची नोंदणी देशभर चालते, म्हणून केवळ नंबर परका आहे या कारणावरून गाडी बेकायदा ठरत नाही. मात्र ती बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली तर नवीन नंबर घेणे बंधनकारक आहे. गाडी कधी आली याचा पुरावा म्हणून टोलची नोंद आणि बदलीचा हुकूम जपून ठेवावा. बारा महिन्यांची मुभा नंबर बदलण्यापुरती आहे. टॅक्सचा कायदा राज्याचा आणि वेगळा आहे, तेव्हा कायमचे राहायचे ठरले असेल तर वर्ष भरायची वाट पाहू नये. तिकडे भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या काळाची रक्कम तिथल्या नियमाप्रमाणे परत मागता येते. त्यासाठी इथल्या नव्या नोंदणीची आणि टॅक्स भरल्याची पावती लागते, ती टाकून देऊ नये.

१५ सप्टेंबर २०२१ पासून निघालेल्या बी.एच. मालिकेच्या नंबराविषयीही काहीजण विचारतात. हा नंबर राज्य बदलले तरी बदलावा लागत नाही. पण तो सरकारी नोकर, सैन्यदल आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांच्यासाठी आहे. मुलगा अशा नोकरीत असेल तर तो जरूर घेऊ शकतो. नुसत्या शेतकऱ्याला तो मिळत नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, हे समजून घ्यावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवण्यास हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काहीशी सवलत दिली. पण या मनाईपायीच वयाला टेकलेल्या गाड्या मातीमोलाने बाहेर निघू लागल्या. अशी गाडी घेण्यापूर्वी तिला आपल्या जिल्ह्यासाठी एन.ओ.सी. मिळते का, आणि इथे तिची नोंदणी किती वर्षे टिकेल, हे आर.टी.ओ.त विचारूनच पाऊल टाकावे.

दुसरी गोष्ट खोट्या पत्त्याची. टॅक्स वाचवण्यासाठी परराज्यातल्या भाड्याच्या पत्त्यावर गाडी नोंदवून इकडे चालवण्याची युक्ती एजंट सांगतात. २०१७ मध्ये केरळात पुदुच्चेरीच्या अशा पत्त्यांचे प्रकरण बाहेर आले आणि नामांकित चित्रपट कलावंतांवरही गुन्हे दाखल झाले. नोंदणी आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेच व्हावी, असा कायदा आहे. खोट्या कागदावर सही एजंटाची नसते, आपली असते.

आपण ऊस घालतो तेव्हा काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय गाडीवान अड्ड्यावरून हलत नाही. दोन-तीन हजारांच्या मालाला आपण एवढे जपतो. दहा लाखांच्या मोटारीला त्याहून कमी जपू नये. व्यवहार ठरवण्याआधी एका कागदावर मांडावे: गाडीची किंमत, इथला टॅक्स, विमा, फी, जाण्या-येण्याचा खर्च आणि आर.टी.ओ.च्या फेऱ्यांत मोडणारे दिवस. खाली बेरीज करावी आणि ती पुण्यातल्या किमतीशेजारी ठेवावी. टॅक्सचे दर सरकार बदलत असते, म्हणून त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. एवढे करूनही बचत दिसली तर खुशाल परराज्यात जावे. न दिसली तर गावाजवळचा विक्रेता काय वाईट?