कोलिमाचे मातीचे कुत्रे

मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलिमा नावाचा प्रांत आहे. तिथल्या जुन्या थडग्यांत भाजलेल्या मातीचे कुत्रे सापडतात. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आतून पोकळ, बाहेरून घोटून तुकतुकीत केलेले, तांबडे. पोट गरगरीत, पाय आखूड, कान उभे. कोणी बसलेला, कोणी अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. एखाद्याच्या तोंडात मक्याचं कणीस!

हे कुत्रे मेलेल्या माणसाजवळ कशाला ठेवले असतील? त्या लोकांनी लिहिलेलं काहीच मागे उरलेलं नाही. तेव्हा अंदाजच बांधावे लागतात.

पहिला अंदाज वाटाड्याचा. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने अ‍ॅझ्टेक लोकांच्या समजुती लिहून घेतल्या. मेलेल्याला परलोकाच्या वाटेवर नदी लागते आणि कुत्रा त्याला पाठीवर घेऊन पार करतो, अशी त्यातली एक. पण पांढरा कुत्रा म्हणे, मी आत्ताच अंग धुतलंय. काळाही काही सबब सांगे. नेई तो पिवळा कुत्राच.

दुसरा अंदाज शिदोरीचा. स्पॅनिश लोक 1519 साली येईपर्यंत तिथे गाय, शेळी, मेंढी, घोडा यांतलं काही नव्हतं. पाळलेली जनावरं म्हणजे मुख्यतः कुत्रा आणि टर्की पक्षी. कुत्रे खाऊ घालून पुष्ट करीत आणि त्यांचं मांस खात. मग ते गरगरीत पोट आणि ते कणीस यांचा अर्थ वेगळाच लागतो, नाही का?

यातलं खरं कोणतं? वाटाड्याची गोष्ट गोड आहे. पण ती सांगणारे अ‍ॅझ्टेक लोक कोलिमापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारे आणि हजारावर वर्षांनंतरचे. नातवंडांच्या नातवंडांनी सांगितलेलं पूर्वजांना जसंच्या तसं लागू करता येत नाही. कदाचित एकच कुत्रा वाटाड्याही असेल आणि शिदोरीही.

खरी अडचण पुढेच आहे. या थडग्यांची रचना अशी : आडासारखा उभा खड्डा आणि तळाशी बाजूला कोरलेली खोली. चोरांनी असे शेकडो खड्डे उपसले. मूर्ती विकल्या गेल्या. हाडं, फुटकी भांडी तिथेच विस्कटून पडली. मूर्ती बाईजवळ होती की पुरुषाजवळ, उशाशी की पायाशी, हे आता कोण सांगणार? चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या मोठ्या संग्रहातही अशा पुष्कळ मूर्ती आहेत. त्या डोळे भरून पाहाव्यात अशा आहेत, पण मुक्या.

उलट 1993 साली शेजारच्या हालिस्को प्रांतात हुइत्सिलापा येथे एक न उघडलेलं थडगं संशोधकांच्या हाती लागलं. आत सहा माणसं होती. मणक्यांतल्या सारख्या खुणांवरून ती एकाच कुळातली असावीत, असं दिसलं. कोणाच्या अंगावर कोणते दागिने, कोणाशेजारी कोणती मूर्ती, सगळं जागच्या जागी. एका थडग्याने जे सांगितलं, ते शेकडो विकलेल्या मूर्तींना सांगता आलं नाही.

तेव्हा गुरुजनहो, मुलांना एवढं जरूर सांगा : जुनी वस्तू जमिनीत दिसली तर उपटून घरी आणू नये. तिची जागा हीच तिची भाषा असते.