मोटारसायकल खालीं जोर कां धरीत नाहीं?

पुण्यासारख्या शहरांत चौकांतील हिरवा दिवा लागला, म्हणजे मोटारसायकलस्वारास पहिल्या दोन-तीन सेकंदांत गाडी पुढें काढावी लागते. मागें बस किंवा मालमोटार उभी असते. अशा वेळीं मूठ पिळूनही गाडी क्षणभर गुदमरली, आणि मग वेग वाढल्यावर जणूं कांहींच झालें नव्हतें अशा थाटांत धावूं लागली, तर तो प्रसंग स्वाराच्या जिवावरही बेतूं शकतो. गॅरेजच्या भाषेंत यास ‘खालचें पिकअप गेलें’ असें म्हणतात. भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘बी. एस. ६’ हे धुरासंबंधींचे नियम लागू झाले. कार्बोरेटर मागें पडला आणि बहुतेक नव्या दुचाकींत इंजेक्टरमधून पेट्रोलचा फवारा सोडण्याची पद्धत आली. तेव्हांपासून या तक्रारीचा सारा दोष आंतल्या संगणकावर टाकण्याची चाल पडली आहे. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो.

कार्बोरेटरांत हवेचा ओढा स्वतःच पेट्रोल खेंचून घेत असे. नव्या रचनेंत पंप पेट्रोलला साधारणतः ३ बार दाब देतो, आणि इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा राहावा हें संगणक ठरवितो. परंतु संगणकास डोळे नाहींत. हवेच्या झडपेचा कोन, तिच्या पलीकडील नळींतील दाब, इंजिनाची उष्णता, फेऱ्यांची संख्या आणि धुरांत उरलेला प्राणवायु यांची वर्दी सेन्सर देतात, आणि तिच्यावर त्याचा हिशेब चालतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारें १३.५. हा फरक प्राणवायूच्या वर्दीवरून संगणक भरून काढतो, पण त्याच्या दुरुस्तीसही मर्यादा असते.

दोष शोधतांना गाडी नेमकी केव्हां दुबळी पडते, हें आधीं पाहावें. पंप थकला किंवा त्याची गाळणी तुंबली, तर उणीव बहुधा भरधाव वेगांत जाणवते, कारण तेव्हां पेट्रोल अधिक लागतें. खालीं जोर नाहीं आणि वर सर्व ठीक, अशी तक्रार असेल तर महागडा पंप बदलण्याची घाई करूं नये. संशय हवेकडे व इंजिनाच्या दाबाकडे वळवावा.

याचें कारण साध्या गणितांत आहे. मिनिटास २,००० फेरे असतांना दट्ट्याच्या एका धांवेस १५ सहस्रांश सेकंद लागतात. ८,००० फेऱ्यांना चारही लागत नाहींत. झडप बैठकीवर नीट बसत नसेल, तर मंद गतींत कोंडलेल्या वायूस निसटण्यास चौपट अवकाश मिळतो. म्हणून टॅपेटमधील फट तपासणें अगत्याचें. ही फट बहुधा मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असते आणि थंड इंजिनावर मोजावी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. येथें एक गैरसमज फार रूढ आहे. टॅपेट वाजूं लागले कीं मालक तक्रार करतो आणि मेकॅनिक तें घट्ट करून आवाज बंद करतो. वाजणारें टॅपेट निदान दोष कळवितें. प्रमाणाबाहेर घट्ट केलेलें मुकाट्यानें झडप जाळतें.

त्यानंतर हवेचा मार्ग. मिटलेल्या झडपेच्या कडेशीं काजळीचें कडें धरतें. मूठ पूर्ण उघडली असतां त्याचा कांहीं अडथळा होत नाहीं. पण झडप केसभर उघडली असतां तेवढ्या फटींतील मोठा हिस्सा तें अडवितें. फडक्यावर योग्य द्रव घेऊन तें पुसावें. तारेनें खरडूं नये, आणि कारखान्यांत बसविलेला अटकावाचा स्क्रू तर मुळींच फिरवूं नये. झडप व इंजिन यांमधील रबरी जोडास चीर गेली असेल, तर न मोजलेली हवा आंत शिरते आणि उभ्या गाडीची गति वरखालीं होऊं लागते. चालत्या इंजिनाच्या त्या जोडावर पाण्याचे थोडे शिंतोडे उडवून आवाज बदलतो काय, तें पाहतां येतें. गरम इंजिनावर ज्वालाग्राही द्रव मारण्याची गॅरेजमधील रीत धोक्याची आहे.

सेन्सरची तार तुटली तर इशाऱ्याचा दिवा लागतो. सेन्सर थोडेंसें खोटें बोलूं लागला तर तो लागेलच असें नाहीं. झडपेचा कोन सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युत्‌दाब मूठ हळूहळू उघडतांना अखंड चढला पाहिजे. मध्येंच तुटला तर गाडी त्याच ठिकाणीं अडखळते. तक्रार फक्त सकाळच्या थंड इंजिनाची असेल, तर उष्णतेच्या सेन्सरकडे पाहावें. इंजेक्टरांतून गुलाबदाणीसारखा बारीक शिडकावा न होतां थेंब पडूं लागले, तरीही खालचा जोर जातो.

अर्थात्‌ या सर्वांआधीं तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेला प्लग, घांसणारा ब्रेक आणि टायरमधील हवा पाहणें कोणासही जमण्यासारखें आहे. मागचें चाक उचलून हातानें फिरविलें कीं ब्रेकचा निकाल तेथेंच लागतो.

राहिला सायलेन्सर. दणदणीत आवाजाच्या हौसेनें मोकळ्या नळीचा सायलेन्सर बसविला, कीं संगणकांत नोंदलेलें इंधनाचें कोष्टक इंजिनाशीं जुळेनासें होतें आणि बहुधा प्रथम खालचाच जोर घटतो. अशा गाडीवर मीटर लावण्यापूर्वीं मूळ सायलेन्सर परत बसवून ती वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पाहावी. पुष्कळ वेळां पुढील खर्चाचें कारण उरत नाहीं.