जुन्या इंधन-अंतःक्षेपण इंजिनास टर्बोचार्जरची जोड : विश्वासार्हतेचा तांत्रिक विचार

प्रस्तावना :

इंजिनाबाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या ऊर्जेवर टर्बाइन फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरच्या साहाय्याने सिलिंडरमध्ये अधिक हवा भरावयाची, हे टर्बोचार्जरचे मूलतत्त्व होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. मूळच्या टर्बोविरहित मोटारीस नंतर टर्बोचार्जर जोडण्याच्या प्रकारात १९८९ मध्ये आलेली जपानी बनावटीची माझदा एमएक्स-५ विशेष परिचित आहे. तिच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती असून संपीडन गुणोत्तर ९.४:१ आहे. या उदाहरणाच्या आधारे, अशी जोडणी कोणत्या अटींवर टिकाऊ ठरते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दाब आणि तापमान :

वातावरणातील हवा २७ अंश सेल्सिअस तापमानाची आहे व कॉम्प्रेसर तिचा दाब दीडपट करतो, असे मानू. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास बाहेर पडणारी हवा सुमारे ८४ अंशांपर्यंत तापते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही हवेची घनता जेमतेम २६ टक्क्यांनी वाढते. ७० टक्के परिणामकारकतेचा इंटरकूलर बसविल्यास हीच हवा सुमारे ४४ अंशांवर येते आणि घनतेतील वाढ ४२ टक्क्यांपर्यंत पोहोचते. शक्तीइतकाच इंटरकूलरचा संबंध इंजिनाच्या सुरक्षिततेशीही आहे, कारण तप्त हवा नॉकिंगला आमंत्रण देते. नॉकिंग म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उर्वरित मिश्रणाने आपोआप पेट घेणे होय. अशा वेळी उद्भवणारे तीव्र दाबतरंग दट्ट्याच्या कडा आणि रिंगांमधील पट्टे फोडतात. पूर्ण भारावर ही हानी अल्पावधीत घडू शकते. १९८९ च्या या इंजिनात नॉकिंग ओळखणारा संवेदक नसल्यामुळे हा धोका अधिकच वाढतो.

इंधन आणि ठिणगी :

या इंजिनात येणारी हवा हलत्या पाळीच्या मापकाने मोजली जाते. पाळी पूर्ण उघडल्यानंतर हवा कितीही वाढली तरी मापकाचा संकेत वाढत नाही. परिणामी नियंत्रक वाढीव हवेस पुरेसे इंधन देऊ शकत नाही व मिश्रण विरळ होते. इंजेक्टरलाही स्वतःची मर्यादा आहे. मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या वेगाने एक कार्यचक्र सुमारे १७ मिलिसेकंदांत पूर्ण होते. त्यातील ८० टक्के, म्हणजे सुमारे १४ मिलिसेकंद, हीच इंजेक्टर उघडा राहण्याची सुरक्षित मर्यादा समजली जाते. सुमारे १६० अश्वशक्तीचे उद्दिष्ट असल्यास या हिशेबाने प्रत्येक इंजेक्टरची क्षमता मिनिटाला ३०० घनसेंटिमीटरच्या आसपास असावी लागते.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा व इंधन यांचे वजनी प्रमाण १४.७:१ लागते. वाढीव दाबाखाली मात्र ते सुमारे ११.५ ते १२:१ ठेवले जाते. जादा इंधनाच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड राहते. मूळचा ऑक्सिजन संवेदक १४.७ च्या आसपासच विश्वसनीय संकेत देतो. म्हणून समायोजनासाठी विस्तृत पल्ल्याचा संवेदक आवश्यक ठरतो. तसेच दाब वाढेल त्या प्रमाणात ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. इंधनाचा दाब वाढविणारा यांत्रिक नियामक हा तुलनेने स्वस्त उपाय आहे, परंतु त्याने ठिणगीचा प्रश्न सुटत नाही. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे तक्ते बदलता येणारा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हाच अधिक भरवशाचा मार्ग होय.

यांत्रिक पूर्वतयारी :

झिजलेल्या इंजिनास टर्बोचार्जर जोडणे म्हणजे त्यातील दोष वाढविणे होय. म्हणून प्रथम चारही सिलिंडरांचा संपीडन दाब आणि गळती तपासणे अगत्याचे आहे. टर्बोच्या बेअरिंगला दाबाखाली स्वच्छ तेल मिळावे आणि ते तेल गुरुत्वाकर्षणाने विनाअडथळा तेलटाकीत परतावे. परतीची नळी अरुंद असल्यास अथवा वर चढत गेल्यास तेल टर्बोतच साचून गळते. वेस्टगेट झडपेने दाबाची कमाल मर्यादा राखावी. तिची नळी निसटल्यास दाब अनिर्बंध वाढतो. त्यामुळे ठरावीक दाबावर इंधन बंद करणारी व्यवस्था नियंत्रकात असणे इष्ट आहे.

निष्कर्ष :

माझदाने १९८० च्या दशकातील ३२३ या मोटारीच्या १.६ लिटर टर्बो इंजिनात संपीडन गुणोत्तर ७.९:१ इतके कमी ठेवले होते. त्याच कंपनीच्या २००४ मधील टर्बोयुक्त माझदास्पीड एमएक्स-५ मध्ये मात्र ते ९.५:१ असूनही सुमारे १७८ अश्वशक्ती मिळाली. माफक दाब, इंटरकूलर आणि अचूक इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांमुळे ते शक्य झाले. यावरून असे म्हणता येईल की, जुन्या इंजिनाचे आयुष्य टर्बोच्या आकारापेक्षा इंधन, ठिणगी आणि उष्णता यांच्या संतुलनावर अधिक अवलंबून असते. म्हणून खर्चाचा क्रम ठरविताना आधी इंजिनाची तपासणी, नंतर नियंत्रण व शीतन आणि शेवटी दाबवाढ हाच क्रम शास्त्रसंमत ठरतो.