मागून नेलेली मोटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या पार्ल्यात दोन पिढ्यांच्या घरोब्यावर मोटारीची किल्ली आजही विनासायास हातोहात दिली जाते; परंतु तीच मोटार चेपून वा बंद पडून परत आली म्हणजे स्नेहाच्या भरात जे बोलणे राहून गेले, त्याचाच पुढे तंटा होतो, आणि त्या तंट्याच्या मुळाशी बहुधा दुष्टाव्यापेक्षा कायद्याविषयीचे अज्ञानच असते.

गैरसमज : भाडे घेतले नाही, कागद केला नाही, मग कायद्याचा संबंध काय?

वस्तुस्थिती : काम संपताच परत करण्याच्या बोलीवर जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे म्हणजे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे ‘निक्षेप’ होय, त्यास मोबदला लागत नाही, की लेखी दस्तऐवजही लागत नाही. तोंडी बोली पुरते. मात्र तंटा उद्भवल्यास ती शाबीत करावी लागते.

गैरसमज : त्याच्या हाती असताना नुकसान झाले, म्हणजे भरपाई त्यानेच द्यावयाची.

वस्तुस्थिती : सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घेणे एवढेच कलम १५१ मागते, ती घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ नेणाऱ्यास जबाबदारीतून मुक्त करते. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली त्या दिवशी, रस्त्यात अडकून बुडालेल्या गाडीच्या चालकास बेफिकीर म्हणणे अन्यायाचे झाले असते. उलट, मिलन सबवेत पाणी साचून वाहतूक बंद केली असताना आडकाठी ओलांडून गाडी आत घालणारा आणि इंजिनात पाणी शिरल्यावर पुनःपुन्हा स्टार्टर मारून ते निकामी करणारा इसम त्याच पावसाची सबब सांगू शकत नाही. तसेच, अंधेरीपर्यंत म्हणून नेलेली गाडी परस्पर लोणावळ्यास नेली, तर कितीही जपून चालविली तरी त्या प्रवासातील नुकसान कलम १५४ अन्वये नेणाऱ्याच्याच माथी येते. मालकही सर्वस्वी मोकळा नाही : ब्रेक सैल असल्याचे ठाऊक असूनही ते न सांगितल्यास त्यापासून होणाऱ्या हानीस कलम १५० त्यालाच जबाबदार धरते.

गैरसमज : विमा उतरविला आहे, सारे तोच भरून देईल.

वस्तुस्थिती : कायद्याने सक्तीचा असलेला विमा त्रयस्थाच्या हानीपुरता असतो, स्वतःच्या गाडीसाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तीही असली, तरी चालकापाशी वैध लायसन्स नसल्यास दावा अडतो, पाण्याने बिघडलेल्या इंजिनासाठी बहुधा स्वतंत्र जोड-विमा लागतो, आणि दावा केल्यावर ‘नो क्लेम बोनस’ मालकाचाच जातो. शिवाय मागून आणलेली मोटारसायकल चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, सबब त्याच्या मृत्यूची भरपाई मोटार वाहन अधिनियमाच्या तत्कालीन कलम १६३-अ खाली त्रयस्थ म्हणून त्या गाडीच्या विमा कंपनीकडे मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला आहे.

गैरसमज : अपघात मित्राने केला, मालकाला त्याची झळ नाही.

वस्तुस्थिती : जखमी त्रयस्थाच्या दाव्यात नोंदणीकृत मालकही प्रतिवादी होतो. लायसन्स नसलेल्यास गाडी चालवू दिल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० प्रमाणे तुरुंगवास अथवा ५,००० रुपयांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने मालकास वा पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

गैरसमज : पोलिसांत फिर्याद दिली की पैसे वसूल होतात.

वस्तुस्थिती : केवळ निष्काळजीपणाने झालेल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई ही दिवाणी बाब होय, अप्रामाणिक हेतू असल्याखेरीज विश्वासघाताचा गुन्हा बनत नाही. दावा ३ वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. मुंबईत १०,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी लघुवाद न्यायालय आहे.

म्हणून किल्ली देण्यापूर्वी लायसन्स पाहावे, पॉलिसीची मुदत तपासावी, गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि कोठे जाणार, केव्हा परतणार, नुकसान झाल्यास खर्च कोण सोसणार, हे मोबाइलवरील चार ओळींत एकमेकांस कळवावे. त्यात अविश्वास मुळीच नाही. दोघांचाही मान राखणारा तो सरळ व्यवहार आहे, आणि ज्याला आपला स्नेह मोलाचा वाटतो, त्याने तो अवश्य करावा.