प्रत्येक अडथळ्यामागे अर्धा सेकंद

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, तर तिथल्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक. राज्यपालाचा पगार त्याच्या जवळपासही नसतो! आपल्याकडे मात्र प्रशिक्षकाचं नावही कुणाला ठाऊक नसतं. बीडमधल्या एखाद्या चहाच्या टपरीवर अमरीश कुमार कोण, असं विचारून बघा. धावपटू अविनाश साबळे म्हटलं की माना डोलतील. त्याला त्याची शर्यत शोधून देणाऱ्या लष्करी प्रशिक्षकाचं नाव क्वचितच कुणाला सांगता येईल.

अविनाश बीडच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळा सहा किलोमीटर लांब, तिथवर पायीच. बारावीनंतर ५ महार रेजिमेंट, मग सियाचीन, राजस्थान, सिक्कीम. स्पर्धेत धावायला लागला तो २०१५ साली, क्रॉस कंट्रीत. तेव्हा तो विशीत होता. या वयापर्यंत केनियाची पोरं जागतिक ज्युनियर स्पर्धा गाजवून मोकळी झालेली असतात. अमरीश कुमारांनी २०१७ मध्ये त्याला ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं.

ही शर्यत जवळून पाहिली की तिचं नवल कळतं. साडेसात फेऱ्या, वाटेत २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. साध्या हर्डलला पाय लागला तर तो आडवा होतो. हा जाडजूड ओंडका हलत नाही, धावणारा पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यालगत खोल आणि पुढे उथळ होत जाणारा, म्हणून जितकी लांब उडी तितके पाय कमी भिजतात.

खरी गोम वेगळीच आहे. ११० मीटर हर्डल्समध्ये दोन अडथळ्यांतली पावलं ठरलेली असतात. इथे पंधराजणांचा घोळका असतो, वेग सतत बदलतो, आणि पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी. त्यामुळे डावा किंवा उजवा, जो पाय पुढे येईल त्यावर उडी मारता आली पाहिजे. वेग न तोडता शेवटच्या काही पावलांत अंतर जुळवायचं! हे अंगात मुरवायचं तर उड्या हजारो वेळा घोटाव्या लागतात, आणि कडेला उभं राहून प्रत्येक उडी बघणारा माणूस लागतो.

फळ लवकर दिसलं. गोपाल सैनी यांचा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. अविनाशनं तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशा वेळेत मोडला. राष्ट्रीय शिबिरात काही काळ तो प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडेही होता, पण त्यांच्या सरावाचा भार त्याला मानवला नाही आणि तो अमरीश कुमारांकडे परतला. चांगला प्रशिक्षक आणि आपल्याला लागू पडणारा प्रशिक्षक एकच असेल असं नाही.

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच घोळक्यात त्याला अडथळा झाला. भारतानं दाद मागितली, पंचांनी त्याला अंतिम फेरीत घेतलं आणि तिथे त्यानं ८:२१.३७ ही वेळ देऊन टोकियो ऑलिम्पिकची पात्रताही मिळवली.

२०२२ मध्ये तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. हे शहर समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरांहून उंच आहे. विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडतो, मग शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं आणि स्नायूंना जास्त ऑक्सिजन पोहोचतो. अर्थात अशा हवेत सरावाचा जोर किती ठेवायचा, हे प्रशिक्षकालाच ओळखावं लागतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अविनाशनं बहादूर प्रसाद यांचा ५,००० मीटरचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्या शर्यतीत तर वाटेत एकही अडथळा नव्हता!

ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासूनच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. अविनाशनं ८:११.२० मध्ये रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

आता थोडं गणित. सैनींच्या विक्रमातून जवळपास २१ सेकंद कमी झाले. ३५ अडथळ्यांवर वाटले तर प्रत्येकी अर्ध्या सेकंदापेक्षा थोडे जास्त. यातले काही सेकंद उड्यांचे आणि काही निव्वळ धावण्याच्या वेगाचे, पण पॅरिसला घड्याळ थांबलं तेव्हा ते वेगवेगळे दिसले नाहीत.