कडक शॉकअप, सैल पकड

मोटारसायकल रेसिंग ट्रॅकवर न्यायची म्हटली, की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, ‘शॉकअप कडक करून घ्या.’ चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला किंवा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर प्रथमच निघालेल्या तरुणांकडून मी तो इतक्या वेळा ऐकला, की त्याचा पाया तपासून पाहावासा वाटला. वेगात वळण घेताना गाडी आणि स्वार यांना रस्त्याशी बांधून ठेवणारी जागा प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढी असते. सस्पेन्शनचे खरे काम ती जागा जमिनीला चिकटून ठेवणे हे आहे. चाक क्षणभर जरी उचलले गेले, तरी पकड तेवढा वेळ शून्य होते.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे चालतात. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. एकटी असती तर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहिली असती. ही हालचाल बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल शमवते, दार हळू मिटवणाऱ्या क्लोजरसारखे. 1935 साली बीएमडब्ल्यूने आर 12 या गाडीच्या पुढच्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये तेलाची ही सोय केली.

गोंधळ इथेच होतो. प्रीलोडचा नट आवळला, की स्प्रिंग कडक झाली असे आपण समजतो. पण एक मिलिमीटर दबायला एक किलो वजन मागणारी स्प्रिंग नट आवळल्यावरही पुढच्या मिलिमीटरला एकच किलो मागते. बदलते ती गाडीची उंची. स्वाराचे वजन स्प्रिंगच्या मानाने फार जास्त वा फार कमी असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते.

म्हणून सुरुवात मोजपट्टीने करावी. चाक अधांतरी असताना एक माप घ्यावे, दुसरे स्वार हेल्मेट, सूट घालून रेसच्या पवित्र्यात बसल्यावर. दुसरे माप गाडी दाबून सोडल्यावर आणि उचलून सोडल्यावर असे दोनदा घेऊन सरासरी काढावी, कारण घर्षणामुळे दोन्हींत फरक पडतो. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली, की गाडी किती बसली ते कळते. ट्रॅकसाठी पुढे-मागे साधारण 30 ते 40 मिलिमीटर हा आरंभबिंदू मानतात. खड्ड्यात उतरायला चाकाला तेवढी जागा लागते. सगळे आवळून टाकले तर ती उरत नाही.

तेलाचा स्क्रू त्यानंतर. दबलेल्या स्प्रिंगचे परतणे, म्हणजे रिबाउंड, फार मंद केले तर ओळीने आलेल्या उंचवट्यांवर चाक पूर्ण परतायच्या आत पुढचा धक्का बसतो. गाडी इंचाइंचाने खाली बसत जाते आणि शेवटी शॉकअप दगडासारखा होतो. स्वाराला वाटते, तो अजून मऊ आहे. तो आणखी आवळतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक थोडे खाली जाणेही हवे असते, कारण त्याने फोर्क उभा होतो आणि गाडी चटकन वळते.

फोर्कच्या नळीवर एक प्लॅस्टिकची पट्टी बांधावी. एका फेरीनंतर ती कुठवर सरकली, ते पाहिले की किती प्रवास वापरला गेला, हे समजते. एका वेळी एकच स्क्रू दोन क्लिक फिरवावा आणि वहीत नोंदवावा. ‘कडक केले’ एवढीच आठवण घेऊन वळणावर जाणाऱ्याला, गाडी घसरली तर कशामुळे, हे शोधायला काहीच हाती राहत नाही.