मोकळ्या शनिवारचे कोरियन धडे

२००५ च्या सुमारास दक्षिण कोरियातल्या शाळकरी मुलांच्या तोंडी एक नवा शब्द रुळला : नोल्थो. ‘नोल’ म्हणजे खेळणे, मोकळे असणे. ‘थो’ हा ‘थोयोइल’चा, म्हणजे शनिवारचा, पहिला तुकडा. खेळायचा शनिवार. तोवर तिथल्या शाळा शनिवारीही अर्धा दिवस भरत. मार्च २००५ मध्ये महिन्यातला एक शनिवार सुटला, २००६ मध्ये दोन आणि २०१२ पासून सगळेच. मग शनिवारला वेगळे नाव द्यायची गरज उरली नाही आणि नोल्थो हळूहळू मागे पडला.

याच वर्षांत कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांची रीघ लागली होती. सरकारी शाळांसाठी बाहेरून शिक्षक आणणारी ‘एपिक’ ही योजना १९९५ ची. दोन वर्षांनी, १९९७ पासून, तिसरीच्या वर्गापासून इंग्रजी हा नियमित विषय झाला आणि मागणी आणखी वाढली. शिक्षक यायचे ते मुख्यतः सात देशांतून : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. शाळेत त्यांना ‘वोनोमिन’ म्हणतात, म्हणजे ती भाषा जन्मतः बोलणारा. जानेवारी २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात पदवी आणि अध्यापनाचा परवाना असलेल्या भारतीयांसाठीही सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून एक वाट ठेवली गेली.

या माणसांच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या सुट्टीबद्दल फारसे नाही. खरे तर त्यांचा कोरियाशी खरा परिचय झाला तो सुट्टीतच. आठवडाभर वर्गात ते शिकवत. शनिवारी पाय घराबाहेर पडला, की बसचा क्रमांक विचारण्यापासून जेवण मागवण्यापर्यंत तेच विद्यार्थी.

पहिला धडा बहुधा जिमजिलबांगमध्ये मिळे. जिमजिलबांग म्हणजे न्हाणीघर, बाष्पगृह आणि विश्रांतीची जागा, सगळे एका छपराखाली. नव्वदच्या दशकात ही शहरोशहरी झाली. पुष्कळशी रात्रंदिवस उघडी असत. दारात जोडे काढायचे, ते एका छोट्या कप्प्यात ठेवायचे, किल्ली गल्ल्यावर द्यायची. बदल्यात दुसरी किल्ली मिळते, मनगटावर अडकवायची, आणि सुती अर्धी चड्डी व सदऱ्याची घडी. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा. आत अंगावर काही ठेवायचे नाही, आणि नवख्या परदेशी माणसाचे पाऊल नेमके इथेच अडखळते. त्यातून आपल्याच वर्गातला एखादा चौथीतला मुलगा वडिलांबरोबर समोर येऊन वाकून नमस्कार करणार नाही ना, ही धाकधूक असतेच.

गरम पाण्यात अर्धा तास बसून कातडी मऊ झाली, की हातात चढवायची एक छोटी खरखरीत पिशवी येते, बहुतेक वेळा हिरवी. तिचे नाव ‘इटली टॉवेल’. ती कोरियाचीच, साठच्या दशकात बुसानमध्ये तयार झालेली. कापड इटलीहून आणलेले होते म्हणून हे नाव पडले. तिने घासले की अंगावरून राखाडी वळ्या निघतात. दिवाळीच्या पहाटे आजीच्या हातचे उटणे सोसलेल्या माणसाला हे सुख समजावून सांगावे लागणार नाही. मायलेकी एकमेकींची पाठ घासत असतात. शेजारी एकटी बसलेली परदेशी शिक्षिका दिसली, तर एखादी आजी न विचारता तिच्याही पाठीला हात घालते. नको म्हणायला शब्द सापडेपर्यंत अर्धी पाठ झालेली असते.

मग ते सुती कपडे घालून सगळे कुटुंब तापलेल्या फरशीवर आडवे होते. टॉवेलची घडी घालून दोन्ही कानांवर गुंडाळ्या केल्या की होते ‘यांगमोरी’, म्हणजे मेंढीचे डोके. २००५ च्या ‘माय लव्हली साम-सून’ या मालिकेतून ही टोपी घरोघरी पोचली. भाजून तपकिरी झालेली अंडी आणि थंडगार सिक्ये, म्हणजे तांदूळ व सातूच्या मोडांचे गोड पेय, हा तिथला ठरलेला खाऊ. अंडे डोक्यावर आपटून फोडायचे असते, हे शिक्षकाला शिकवते शेजारचे पाच-सहा वर्षांचे पोर. कोविडच्या काळात यांतली कितीतरी ठिकाणे बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाहीत. शहरात तेवढ्या शाळा कमी झाल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा धडा डोंगरावर. सोलमध्ये मेट्रो आणि बस धरून थेट राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी उतरता येते. बुखानसानला १९८३ मध्ये हा दर्जा मिळाला; त्याचे सर्वांत उंच शिखर बेगुंदे सुमारे ८३६ मीटर, आणि शेवटचा टप्पा उघड्या कातळावर लोखंडी दोर धरून चढायचा. शनिवार-रविवारी तिथे भडक रंगाचे जाकीट, टोपी, दोन काठ्या असा जामानिमा केलेल्या काका-काकूंची रांग असते. वर पोचल्यावर डबे उघडतात आणि अनोळखी माणसाच्या हातावर काकडीची फोड किंवा किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, ठेवला जातो. आधी खा, मग वय किती, लग्न झाले का, हे प्रश्न. पाठ्यपुस्तकात हे प्रश्न कितव्याही धड्यात असोत, डोंगरावर ते पहिल्या पाच मिनिटांत येतात. उतरल्यावर पायथ्याला कांदापातीचे धिरडे, पाजन, आणि वाडग्यातून माक्कॉली, म्हणजे तांदळाची गढूळ, आंबूस दारू.

नदीकाठचा धडा सोपा. हान नदीच्या दोन्ही काठांवरची उद्याने ऐंशीच्या दशकातल्या नदीसुधार कामातून घडली. चटई अंथरायची आणि तळलेली कोंबडी मागवायची. चिकन आणि ‘मेकजू’ म्हणजे बिअर, दोन्ही मिळून चिमेक. पूर्वी हे मागवायचे म्हणजे फोनवर बोलावे लागे : पुलापासून कितवे झाड, कोणत्या रंगाची चटई. तेवढ्यासाठी शिक्षकाला दिशा, अंक आणि रंग कोरियन भाषेत पाठ करावे लागत. आता मोबाइलवर दोन बोटांत काम होते. सोय झाली खरी, पण त्या फोनने जी भाषा शिकवली ती कुठल्याही वर्गात शिकवली गेली नसती.

सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने २६ कोरियन मुळाचे शब्द एकदम दाखल करून घेतले. त्यांत चिमेक आहे, किंबाप आहे. ‘मान्ह्वा’ म्हणजे कोरियन चित्रकथा आणि ‘पीसी बांग’ म्हणजे गेम खेळायची संगणकघरेही आहेत. यादी वाचली की कळते, हे वर्गातले शब्द नव्हेत. सुट्टीच्या दिवसाचे आहेत. इंग्रजी शिकवायला गेलेल्यांच्या आणि कोरियन मालिका बघत बसलेल्यांच्या जिभेवरून ते उलट दिशेने गेले. त्याच यादीत ‘कोंग्लिश’ही आहे, म्हणजे ज्या कोरियन वळणाच्या इंग्रजीवर वोनोमिन वर्षानुवर्षे लाल शाईने रेघ मारत आले ते इंग्रजी.

पण नोल्थोचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. शनिवार शाळेतून सुटला आणि बऱ्याच घरांत तो शिकवणी वर्गाने घेतला. सोलमध्ये या वर्गांना रात्री १० नंतर शिकवायला मनाई आहे. घटना न्यायालयाने २००९ मध्ये ती उचलून धरली. दहा वाजता वर्ग बंद करा, असा नियम करावा लागतो यातच सगळे आले. विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभरात विमानांची उड्डाणे थांबवतात. इतक्या शांततेत जे मूल इंग्रजी ऐकते, त्याला डोंगरावर काकडी खायला पाठवणारे कोणी असावे, असे मनापासून वाटते.

कोरियातल्या इंग्रजी शिक्षकाच्या पंचांगातली सर्वांत अर्थपूर्ण सुट्टी मात्र ९ ऑक्टोबरची, हांगुल दिनाची. राजा सेजोंगने १४४६ मध्ये कोरियन लिपी जाहीर केली, त्याची ही आठवण. सुट्ट्या फार होतात म्हणून १९९१ पासून हा दिवस कामाचा झाला होता. भाषाप्रेमींच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१३ मध्ये सुट्टी परत आली. लिपीसाठी देशभर सार्वजनिक सुट्टी, ही गोष्ट मराठी वाचकाला हेवा वाटावा अशी आहे. ही लिपीही आपल्याला परकी वाटू नये : घशातले, दातांचे, ओठांचे अशी ध्वनींची मांडणी, आणि अक्षरांच्या आकारांतच जीभ-ओठांची ठेवण रेखलेली.

त्या दिवशी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात सेजोंगच्या सोनेरी पुतळ्यासमोर गर्दी असते. हा पुतळा २००९ च्या हांगुल दिनीच उभा राहिला. या चौकात आलेला वोनोमिन आपले नाव हांगुलमध्ये लिहायला बसतो आणि अडतो. या लिपीत इंग्रजी ‘एफ’ला अक्षर नाही, ‘व्ही’ला नाही, ‘झेड’ला नाही. आठवडाभर त्याने मुलांना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून ‘कॉफी’ म्हणायला लावलेले असते. आता ऑक्टोबरचा गार वारा सुटलेला असतो आणि समोर चहा-कॉफीचे दुकान असते. गल्ल्यावरची मुलगी त्याचे नीट दात टेकवलेले ‘कॉफी’ ऐकून क्षणभर थांबते. मग तो ओठ मिटून, अगदी आपल्या विद्यार्थ्यांसारखा म्हणतो, ‘खॉपी जुसेयो.’ ती हसते आणि कप भरायला वळते.